उद्धटचा विरुद्धार्थी शब्द

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुटी चार-पाच दिवसांवर आली होती. सहामाही परीक्षा आटोपली होती आणि नववीच्या वर्गात इंग्रजीचे पेपर वाटण्याचा तास होता. सुटीच्या तोंडावर मुलांचे लक्ष फळ्यावर नसते, खिडकीबाहेर असते, हे ज्याने वर्षभर जरी मास्तरकी केली आहे त्याला सांगायला नको. खरे सांगायचे तर मास्तरांचेही लक्ष तिकडेच असते.

पेपरात एक साधा प्रश्न होता. 'रूड' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द लिहा. बहुतेकांनी 'पोलाइट' असे बरोबर उत्तर लिहिले होते. मला वाटले, जाता जाता चार शब्द अधिक शिकवावेत. म्हणून मी फळ्यावर 'रूड'च्या खाली एकेक शब्द लिहीत गेलो: इम्पोलाइट, डिसकर्टिअस, इम्पर्टिनंट, इम्प्युडंट, इन्सोलंट. मग सहाही शब्दांना कवेत घेणारा एक मोठा महिरपी कंस काढला आणि त्याच्यापुढे ठसठशीत अक्षरांत मराठी अर्थ लिहिला, 'उद्धट'. हातावरची खडूची भुकटी झटकली. एका कंसात सहा शब्द मारले, याचे मला समाधान वाटत होते.

एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, सगळ्यांचा अर्थ एकच आहे, तर मग इंग्रजांना सहा शब्द कशाला लागले?"

प्रश्न चांगला होता. अडचण एवढीच होती, की त्याचे उत्तर मला येत नव्हते. तास संपायला पाच मिनिटे होती, चाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "बस खाली. उद्धटपणा करू नकोस."

तो बसला नाही. त्याने एकदा फळ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि खरोखरच जाणून घ्यायचे असावे अशा आवाजात विचारले, "सर, यांतला कोणता?"

सारा वर्ग खो खो हसला. त्या हसण्यात त्या मुलाचा आवाज नव्हता, हे मला आता आठवते. तेव्हा मात्र मला फक्त हसणे ऐकू आले. मी त्याची दैनंदिनी मागवली आणि लाल शाईने शेरा मारला: 'वर्गात उद्धट वर्तन. पालकांनी सोमवारी समक्ष भेटावे.' २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीला बंदी घातली, हे फार चांगले झाले. पण छडी गेली तरी शेरा राहिला आहे. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत मावळतो. शेरा घरी जातो, बापाला दाखवावा लागतो, त्यावर सही आणावी लागते.

घरी आलो, तरी तो प्रश्न माझ्या मागोमाग आला. यांतला कोणता? वाचकहो, मी इंग्रजीचा पदवीधर नाही. माझे शिक्षण बेताचेच. शब्दकोश हेच माझे विद्यापीठ आणि त्याची फी एकदाच भरावी लागते, ही त्याची मोठी सोय. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबरीतल्या एखाद्या पात्राला 'तुसडा' म्हणावे की 'तिरसट', यावर मी एकेक संध्याकाळ घालवतो. जे पात्र जन्माला आलेले नाही त्याच्यासाठी एक संध्याकाळ, आणि जिवंत मुलाच्या दैनंदिनीतल्या शब्दासाठी अर्धे मिनिट! या विचाराने मी जरा वरमलो आणि कपाटातले जाडजूड कोश खाली काढले.

पहिला शब्द 'रूड'. हा मूळ लॅटिन 'रुडिस'पासून आलेला. त्याचा अर्थ कच्चा, ओबडधोबड, हत्यार न लागलेला. नुसत्या ओंडक्यांनी उभारलेल्या झोपडीलाही इंग्रजीत 'रूड' म्हणता येते. त्या बिचारीने कोणाचा अपमान केलेला नसतो. गंमत अशी, की पंडिताला लावायचा 'एरुडाइट' हा भारदस्त शब्दही याच मुळाचा आहे. जो कच्चेपणातून बाहेर काढला गेला, तो पंडित. आणि 'पोलाइट' म्हणजे घासूनपुसून लखलखीत केलेला. दिवाळीआधी आपण तांब्यापितळेची भांडी चिंच लावून घासतो ना, अगदी तसा. म्हणजे 'रूड' माणूस दुष्टच असेल असे नाही. कदाचित त्याला कोणी घासलेले नसेल. 'इम्पोलाइट'चाही अर्थ हाच, फक्त आवाज अधिक हळू. पाहुण्याला पाणी न विचारणे, आभार मानायला विसरणे, एवढ्यावर हा शब्द भागतो.

'डिसकर्टिअस'ची गोष्ट निराळी. 'कर्टसी' म्हणजे राजदरबारची रीत. ती मोडणारा तो 'डिसकर्टिअस'. येथे नुसता कच्चेपणा नाही; दुसऱ्याला द्यायचा मान देण्यात कसूर केली आहे. पत्राला उत्तर न देणे, वेळ देऊन माणसाला बाहेर ताटकळत ठेवणे, हे सारे या शब्दात येते. आवाज चढवावा लागत नाही, शिवी द्यावी लागत नाही. अगदी मुकाट्याने 'डिसकर्टिअस' होता येते.

येथे मला एक गोष्ट जाणवली आणि ती मनाला लागली. सभ्यतेचे इंग्रजी शब्द दरबारातून आणि शहरातून आले आहेत. 'सिव्हिल' म्हणजे नागरिकाला शोभणारा, 'अर्बेन' म्हणजे शहरी. आणि असभ्यतेचे शब्द? 'बूर' म्हणजे मूळचा शेतकरी. 'चर्ल' म्हणजे जुन्या इंग्लंडातला साधा कुणबी. 'व्हिलन', ज्याच्यावाचून आमचे नाटक-सिनेमे पुढे सरकत नाहीत, तो मुळात जमीनदाराच्या वाडीवर राबणारा गडी. 'व्हल्गर' म्हणजे नुसते सामान्य लोकांचे. नांगर धरणाऱ्याचे नाव शिवीला आणि दरबारात बसणाऱ्याचे नाव सौजन्याला! इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपणही 'नागर' म्हणजे सुसंस्कृत आणि 'ग्राम्य' म्हणजे अश्लील असे ठरवूनच टाकले आहे. 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्याच्या लायकीचा. मग ज्याला सभेत कोणी कधी बसूच दिले नाही, त्याने सभ्य व्हावे तरी कसे?

असो. उरले तीन शब्द. 'इम्पर्टिनंट' म्हणजे मुळात असंबद्ध, ज्याचा प्रस्तुत गोष्टीशी संबंध नाही असा. वकिली इंग्रजीत तो अर्थ अजून शिल्लक आहे. पुढे, ज्याचा आपल्याशी संबंध नाही त्यात नाक खुपसणारा, आणि मग वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपली पायरी सोडणारा, असा तो सरकत गेला. आपला 'आगाऊ' हा शब्द याचा सख्खा भाऊ शोभेल. भाडे आगाऊ देतात म्हणजे वेळेच्या आधी देतात. आगाऊ मुलगाही आपली पाळी येण्याआधीच बोलतो. 'इम्प्युडंट' म्हणजे ज्याला लाज नाही तो. चूक पकडली गेली तरी जो मान वर करून बोलतो, तो निगरगट्ट. आणि 'इन्सोलंट'च्या मुळाशी आहे 'जे सवयीचे नाही ते', रूढीला सोडून असणारे. आज त्याचा अर्थ, ज्याचा मान राखायचा त्याचाच उघड उपमर्द करणारा. आपण मुजोर म्हणतो, तसा काहीसा. मुजोर म्हणजे तोंडाचा जोर असलेला, लगामाला न जुमानणारा घोडा.

आता मी त्या मुलाला एकेका शब्दासमोर उभे केले. 'इम्पर्टिनंट'? पण त्याचा प्रश्न फळ्यावरच्या शब्दांविषयीच होता; त्याहून संबद्ध प्रश्न त्या तासात कोणी विचारला नव्हता. 'इम्प्युडंट'? त्याने लाजावे असे काही केले नव्हते. 'डिसकर्टिअस'? तो उभा राहून, 'सर' म्हणून बोलला होता. 'रूड' म्हणावे, तर त्याचा स्वर साधा होता. राहता राहिला 'इन्सोलंट'. येथे मी थांबलो. वर्ग हसला होता, माझी खुर्ची क्षणभर डुगडुगली होती. माझ्या मनाला बसलेला धक्का या शब्दाने अचूक सांगितला जात होता. पण विचार करता करता लक्षात आले, की शब्द मुलाच्या वागण्याला लागू पडत नाही; तो माझ्या दुखण्याला लागू पडतो.

तेव्हा माझ्या हाती रोझेचा कोश आला. पीटर मार्क रोझे हा पेशाने डॉक्टर. आयुष्यभर वैद्यकी करून, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १८५२ साली त्याने हा कोश प्रसिद्ध केला. त्याने शब्द अकारविल्हे न लावता अर्थाप्रमाणे गटागटांनी मांडले, आणि होता होईल तो प्रत्येक गटाच्या समोर त्याच्या विरुद्ध अर्थाचा गट ठेवला. त्याच्या कोशात 'डिसकर्टसी' हा एक गट आहे. त्याच्या समोर 'कर्टसी', म्हणजे सौजन्य. ठीक आहे. पण 'इन्सोलन्स' त्याने या गटात घातलेलाच नाही. त्याचे घर वेगळे. आणि त्या घराच्या समोरच्या दारावर पाटी कोणती? 'सौजन्य' नव्हे, 'विनय' नव्हे. पाटी आहे 'सर्व्हिलिटी'. म्हणजे लाचारी, लाळघोटेपणा, गुलामाचे वागणे!

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. असभ्यपणाचा विरुद्धार्थी शब्द सभ्यपणा. पण मुजोरीचा विरुद्धार्थी शब्द लाचारी. त्या म्हाताऱ्या डॉक्टरने नाडी बरोबर पकडली होती. एखाद्याला आपण 'रूड' म्हणतो तेव्हा त्याने सभ्य व्हावे अशी आपली अपेक्षा असते. पण 'इन्सोलंट' म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय व्हावे असे आपल्याला वाटत असते? त्याने वाकावे, एवढेच. मी त्या मुलाच्या दैनंदिनीत एक शब्द लिहिला होता. त्याच्या समोरचा शब्द न लिहिताच मागितला होता.

या विचारात असताना मी सवयीप्रमाणे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "चहा!"

आत आमच्या सौभाग्यवती चकल्या तळीत होत्या. झारा हातात घेऊनच त्या दारात आल्या. म्हणाल्या, "मघापासून कसले शब्द शोधताय?" मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मग आत्ता तुम्ही 'चहा' म्हणून ओरडलात, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी कोशात पाहून म्हणालो, "कर्ट. म्हणजे तोडून बोलणे. लॅटिनमध्ये कापून आखूड केलेल्याला म्हणत, त्यावरून."

"आणि मी तुम्हांला तसे ओरडले, तर?"

मी गप्प बसलो. चहा आला, त्याबरोबर बशीत दोन मोडक्या चकल्याही आल्या. पण त्या एका प्रश्नाने माझा रात्रभराचा अभ्यास सरळ केला. मोठ्या माणसाच्या धसमुसळेपणासाठी इंग्रजीत जे शब्द नित्य वापरतात ते किती मऊ आहेत पाहा! 'कर्ट', म्हणजे थोडक्यात बोलणारा. 'ब्रस्क', म्हणजे जरासा आंबट. तो इटालियन 'ब्रुस्को'वरून आला, त्याचा अर्थच आंबट. 'ब्लंट', म्हणजे बोथट, आडपडदा न ठेवणारा. यांत बोलण्याच्या तऱ्हेचे वर्णन आहे, माणसाच्या लायकीचा निवाडा नाही. मराठीतही साहेब 'कडक' असतात, सासरे 'शिस्तीचे' असतात, हेडमास्तर 'स्पष्टवक्ते' असतात. तेच वाक्य शिपायाच्या, सुनेच्या किंवा विद्यार्थ्याच्या तोंडून आले, की ते उर्मट होते. शब्द एका जिन्यावर बसले आहेत. वरून खाली येणारे शब्द पायऱ्या मोजत सावकाश उतरतात. खालून वर जाणाऱ्याला मात्र पहिल्याच पायरीवर हटकले जाते.

तसे पाहिले तर भाषेने वरच्या माणसाला अगदीच मोकळे सोडलेले नाही. 'सर्ली' म्हणजे तुसडा, हा शब्द 'सर' या मानाच्या संबोधनावरूनच निघाला आहे. पूर्वी त्याचा अर्थ सरदारी तोऱ्यात वागणारा असा होता. मुले मला दिवसातून शंभर वेळा 'सर' म्हणतात. ही वंशावळ मला ठाऊक नव्हती, हे एका परीने बरेच होते. आपल्या 'अरेरावी'तही 'अरे' स्पष्ट ऐकू येतो. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ सालच्या कादंबरीत मिस्टर कॉलिन्स हा पाद्री आपल्या श्रीमंत आश्रयदात्रीच्या 'कन्डिसेन्शन'चे गोडवे गाताना थकत नाही. थोरामोठ्यांनी खाली उतरून गरिबाशी दोन शब्द बोलणे, हा त्या काळी गुण होता. आज तोच शब्द दोष झाला आहे, कारण खाली उतरायला मुळात तुम्ही वर होता कशावरून, असे लोक विचारू लागले. आपला 'शिष्ट' शब्द याच वाटेने गेला. सुसंस्कृताला शिष्ट म्हणत. आता शेजारीण कोणाला 'फार शिष्ट आहे हो' म्हणाली, तर ती स्तुती समजू नये.

आणि खुद्द 'इन्सोलन्स'? तोही एकेकाळी दोन्ही दिशांना चालत होता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने आयुष्यातल्या असह्य गोष्टींची जी यादी सांगितली, तिच्यात अधिकारपदावर बसलेल्यांची मुजोरी आहे, आणि तिथे शब्द हाच आहे. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात आश्रयदात्याची व्याख्या करताना हाच शब्द आश्रयदात्याच्या पदरात टाकला आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी खुशामत समोर ठेवली.

जॉन्सनने हे उगाच केले नव्हते. कोशाची योजना त्याने १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून मांडली होती. हे चेस्टरफील्डसाहेब म्हणजे शिष्टाचाराचे शिखर. चारचौघांत कसे वागावे हे शिकवणारी त्यांनी मुलाला लिहिलेली पत्रे १७७४ साली छापली गेली आणि घरोघर वाचली गेली. पण गरीब जॉन्सन त्यांच्या बाहेरच्या दालनात ताटकळत बसला आणि परत गेला. सात वर्षे त्याने एकट्याने खपून कोश तडीस नेला. तो बाहेर पडणार असे दिसताच लॉर्डसाहेबांनी वर्तमानपत्रात त्याची वाखाणणी केली. तेव्हा, ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने त्यांना पत्र लिहिले. पत्रात एकही उणा शब्द नाही. मायना, शेवट, सारे रीतसर. पण गरज होती तेव्हा न आलेली मदत आता नको, हे त्याने असे सांगितले, की अडीचशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याची मान ताठ व्हावी. चेस्टरफील्डने ते पत्र टेबलावर ठेवले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवीत असत, असे जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो.

आता सांगा, यांत असभ्य कोण? ज्याने एकही वाईट शब्द न उच्चारता माणसाला दारात बसवून ठेवले तो, की ज्याने ताठ मानेने ते सांगितले तो? जॉन्सनचे पत्र रूढीला सोडून होते, म्हणून शब्दाच्या मूळ अर्थाने हवे तर त्याला 'इन्सोलंट' म्हणा. पण 'डिसकर्टिअस' कोण, याविषयी मला शंका उरली नाही.

हे शब्दांचे खेळ वाटतील. पण या शब्दांनी आपल्याही देशात माणसे घडवली आहेत. १८९१ साली इंग्लंडहून परतलेले तरुण बॅरिस्टर गांधी राजकोटला होते. भावावर काही आळ आला होता आणि त्या बाबतीत तिथल्या गोऱ्या पोलिटिकल एजंटचे मन कलुषित झाले होते. या अधिकाऱ्याशी गांधींची विलायतेत तोंडओळख झालेली. भावाच्या आग्रहाखातर, मनाविरुद्ध ते त्याला भेटायला गेले. साहेबाने ऐकून घेतले नाही, जायला सांगितले. गांधी बोलतच राहिले, तेव्हा शिपायाकरवी त्यांना खांद्याला धरून बाहेर काढण्यात आले. गांधींनी जाब विचारणारी चिठ्ठी पाठवली. उलट उत्तर आले, की असभ्यपणे तुम्हीच वागलात. जा म्हटल्यावर गेला नाहीत. राजकोटला आलेल्या सर फिरोजशहा मेहतांकडे एका वकिलामार्फत सल्ला विचारला, तर अपमान गिळा, असा निरोप मिळाला. या धक्क्याने आपल्या आयुष्याची दिशा बदलली, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले.

त्या हकीकतीत मला सर्वांत मोठे वाटते ते हे, की आपण तिथे जायला नको होते, हेही गांधींनी मोकळेपणाने कबूल केले आहे. तोंडओळखीचा उपयोग जिथे तिचा संबंध नव्हता तिथे केला. 'इम्पर्टिनंट' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने येथे नेमका बसतो. तेवढी त्यांची चूक तेवढ्याच शब्दाची. पण शिपायाने खांद्याला धरून बाहेर घालवणे, ही हॅम्लेटच्या यादीतली अधिकारपदाची मुजोरी. दोन चुका, दोन वजने, दोन शब्द. साहेबाने मात्र एकच शब्द वापरला आणि तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला. इंग्रजांना सहा शब्द कशाला लागले, याचे उत्तर मला येथे मिळाले. नेमका शब्द म्हणजे अर्धा न्याय असतो. सगळे शब्द एका कंसात घालणारा माणूस, मग तो साहेब असो की मास्तर, न्याय करण्याचे कष्ट वाचवीत असतो.

एक खुलासा करतो, नाहीतर घरोघरचे आईबाप माझ्यावर रागावतील. मुलांनी मोठ्यांना उलट बोलावे, असे मी म्हणत नाही. सौजन्य ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यावाचून घर चालत नाही, शाळा चालत नाही. म्हाताऱ्याला जागा देणे, बोलणाऱ्याचे पुरते ऐकणे, हे लहानपणीच अंगी लागावे. माझे म्हणणे इतकेच, की सौजन्य हे दुहेरी असते. ते जिन्यावरून वर जाते तसेच खालीही येते. जे फक्त वरच जाते, त्याचे नाव रोझेने समोरच्या पाटीवर लिहून ठेवले आहे. कोणाला उद्धट म्हणण्याआधी आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न स्वतःला विचारावा: हेच वाक्य उलट दिशेने गेले असते, तर? "यांतला कोणता?" असे मला शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारले असते, तर मी म्हणालो असतो, 'वा साहेब, फार मार्मिक प्रश्न!' आणि "बस खाली" असे तो मुलगा मला म्हणाला असता, तर? लाल शाईची दौत पुरली नसती.

सोमवार उजाडला. दुसऱ्या तासानंतर शिपाई सांगत आला, की एक पालक आले आहेत. मी पेपरांच्या बेरजा करीत होतो. "बसायला सांग," म्हणालो. बेरजा झाल्या, चहा झाला, गप्पा झाल्या. तासाभराने बाहेर आलो, तर व्हरांड्यात बाकाच्या शेजारी एक माणूस उभा. बाक रिकामा होता. अंगात मळका सदरा, खांद्यावर हमालीचे फडके. मार्केट यार्डातून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आला होता. बाजूला तो मुलगा, खाली मान घालून.

मला पाहताच बापाने हात जोडले. कमरेत वाकला. "गुरुजी, पोरगं चुकलं. वाटलं तर माझ्यासमोर दोन लावा त्याला. पण साळंतनं काढू नका."

मी जागच्या जागी उभा राहिलो. शनिवारी रात्री कोशात वाचलेला शब्द माझ्यासमोर हात जोडून उभा होता. शेऱ्यातून मी न लिहिता जे मागितले होते, ते मला पुरेपूर पोचले होते. फक्त मुलाकडून नव्हे, त्याच्या बापाकडून. आणि मुलगा ते पाहत होता.

मी बापाला हाताला धरून बाकावर बसवले, स्वतः शेजारी बसलो. दैनंदिनी घेतली. लाल शाई खोडून निघत नाही. म्हणून तिच्याखाली निळ्या शाईने लिहिले: 'वरील शेरा चुकीचा आहे. विद्यार्थ्याने अभ्यासाचा प्रश्न विचारला होता व तो योग्य होता.' सही केली. बापाला वाचता येत नव्हते. मी मुलाला मोठ्याने वाचायला लावले.

बाप गोंधळला. "मंजी, चुकी कुनाची?"

"माझी," मी म्हणालो.

तो चटकन उठून उभा राहिला. "आसं नगा म्हनू, गुरुजी!" आणि पुन्हा हात जोडले. मी क्षमा मागितल्याने त्याचे ओझे कमी झाले नाही, उलट वाढले. जन्मभर एकाच दिशेने वाहिलेले पाणी एका दिवसात उलटे फिरत नाही. पण मुलाने मान वर केली होती.

शेवटच्या तासाला मी फळ्यावर पुन्हा ते सहा शब्द लिहिले. या खेपेला कंस काढला नाही. प्रत्येकाचा अर्थ, मूळ आणि एकेक प्रसंग सांगितला. मग खाली दुसरी ओळ लिहिली: कर्ट, ब्रस्क, ब्लंट. मोठी माणसे कशी बोलतात ते सांगितले. मुले हसली, मीही हसलो. घंटा व्हायला थोडा वेळ होता. मी विचारले, "कोणाला काही शंका?"

मागच्या बाकावरून तो उठला. थोडा घुटमळला. मग म्हणाला, "सर, त्या दिवशीचा तुमचा कोणता?"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. कोणी हसले नाही. चाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. मी खडू उचलला. 'कर्ट'वर तो एकदा टेकवला. पण तो शब्द फार मऊ वाटला. मग हात वर नेला आणि पहिल्या ओळीतल्या 'डिसकर्टिअस'खाली रेघ मारली.

"बरोबर?" मी विचारले.

त्याने फळ्याकडे पाहून जरा विचार केला. "हो सर," म्हणाला, आणि खाली बसला. या वेळी त्याला कोणी बसायला सांगितले नव्हते.